एका वेळी एकच काम

(मुरुम गावाच्या पुढं माळावरचं वीज सबस्टेशन. भर दुपार. ड्युटीवर एकटा ऑपरेटर शिवराज. दारात त्याची थोरली बहीण शिवकन्या, कपाळ मोकळं.)

शिवकन्या : आन् डोळं मिटून काय करालतास मनलास?

शिवराज : श्वासाकडं बघत होतो, अक्का. आत गेला, बाहेर आला, नुसतं बघायचं. धाराशिवला ट्रेनिंग झालं ना आमचं, कामावर लक्ष राहावं म्हणून. पुण्याच्या मॅडम आल्या होत्या. माइंडफुलनेस म्हणतात त्याला. मराठीत सजगता.

शिवकन्या : दारात मी कवाची उभी हाय. कळलं न्हाय तुला.

शिवराज : तेच तर शिकवतात. आजूबाजूला काहीही होऊ दे, आपण हातातल्या कामावर. ये ना आत. खुर्ची घे. पाणी देऊ?

शिवकन्या : पानी फाट्यावर पिले. जीपवाल्यानं खालीच उतरवलं, माळ चढून आले. तुझं शिकवनं सांग. आजून काय शिकवलं त्या बाईनं?

शिवराज : पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवली. ती बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची. लगेच चावायची नाही.

शिवकन्या : एक मनुका?

शिवराज : एकच.

शिवकन्या : भरल्या पोटाचे खेळ.

शिवराज : आम्हीपण हसलो. पण खरं सांगतो, मला फरक पडला. आधी इथं बसलो की डोक्यात बाजार भरलेला असायचा. एक हात पॅनलच्या हँडलवर, दुसऱ्या हातात फोन. शेतकरी विचारणार लाईट कधी, सरपंच विचारणार आमच्याच गावाची का घालवली, घरून वैष्णवी दूध सांगणार. एकदा त्या नादात भलताच फीडर बंद करून भलत्याच गावांची लाईट घालवली होती. आता तसं होत नाही. ड्युटीवर आलो की मोबाइल सायलेंट करून ड्रॉवरमध्ये. एका वेळी एकच काम. पॅनलसमोर उभं राहायचं, पाय जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यायचं, फीडरचं नाव मोठ्यानं वाचायचं, मगच हँडलला हात.

शिवकन्या : त्या दिशीबी तसंच केलंस.

शिवराज : अक्का, ह्याच्यावर आपण बोललोय. दाजींच्या तिसऱ्यालाच बोललोय.

शिवकन्या : तू बोललास. म्या रडत व्हते. रडनाऱ्या बाईला कायबी सांगता येतंय. आज डोळं कोरडं हाईत. आता सांग.

शिवराज : तेच आहे की. वायरमन म्हणून रामकिसन मामानं इथल्या ऑफिसच्या फोनवर लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलं. मी त्या बाजूची लाईन बंद केली. काम झाल्यावर मामानं परमिट परत केलं, मी लाईन सोडली. वायरमननं परमिट परत केलं म्हणजे खांबावर कुणी नाही, असा अर्थ.

शिवकन्या : परमिटचा अर्थ मला सांगू नको. लगीन झाल्यापासनं त्या परमिटच्या नावानं म्या ताट झाकून ठिवलंय. परमिट मामानं घेतलं. चढलं कोन?

शिवराज : तुला माहीत आहे.

शिवकन्या : तुझ्या तोंडून येऊ दे.

शिवराज : दाजी.

शिवकन्या : आन् रोज कोन चढायचं?

शिवराज : दाजीच. मामाचे गुडघे गेलेत, शिडीकडं बघूनच त्यांना घाम फुटतो. हे काय आपल्याकडंच आहे का अक्का? पगार वायरमनला, अन् खांबावर त्यानं ठेवलेला माणूस. झिरो वायरमनच म्हणतात त्याला. कंपनीच्या दप्तरी तो नसतोच.

शिवकन्या : घरात असतोय.

शिवराज : मी काय म्हणतोय ते—

शिवकन्या : मामानं परमिट परत केलं की तू लगीच लाईन सोडायचास का आधी? ट्रेनिंगच्या आधी?

शिवराज : नाही.

शिवकन्या : काय करायचास?

शिवराज : माझ्या मोबाइलवरून दाजींना रिंग द्यायचो. दाजी, उतरला का. ते म्हणायचे, उतरलो, सोड. मग सोडायचो.

शिवकन्या : हे कुठल्या नेमात हाय?

शिवराज : कुठल्याच नाही. आमच्या दोघांतलं होतं. झिरो माणूसच नियमात नाही, तर त्याला रिंग द्यायचा नियम कुठून असणार?

शिवकन्या : आन् त्या दिशी?

शिवराज : मोबाइल ड्रॉवरमध्ये होता. नियमाप्रमाणं परमिट परत आलं होतं. मला वाटलं... मला काहीच वाटलं नाही, अक्का. तेच तर शिकवलं होतं ना, मधे दुसरा विचार येऊ द्यायचा नाही. मी हँडलवर लक्ष दिलं. इतकं नीट काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

शिवकन्या : तुझा फोन ड्रावरात व्हता ते ठावं हाय मला. म्याच लावत व्हते.

शिवराज : कशासाठी लावत होतीस?

शिवकन्या : खांबावरनं त्यांनी मला फोन केला. मनले, मामा जावळाच्या जेवनाला निघून गेला गाडीवर, लाईन चुकून सुटली तर जीव वाचवायला तारंवर टाकायची साखळीबी त्याच्याच डिकीत गेली. दुसरी तारबी तुटायला आलीय, आजून येळ लागंल. शिवराज फोन उचलंना, हापिसाचा नंबर मामापाशीच हाय, तू लाव आन् सांग, लाईन सोडू नको. चिडले न्हाईत. कामात आसंल पोरगं, मनले. म्या लावला. वाजून वाजून बंद व्हायचा, परत लावायची. तव्यावर भाकर जळून कोळसा झाली. मग त्यांनाच लावला, उतरा मनायला. त्यो बी वाजतच ऱ्हायला.

शिवराज : संध्याकाळी ड्रॉवर उघडला तेव्हा बघितले मी. त्यांचे कॉल. तुझे कॉल.

शिवकन्या : मंजी तवापासनं ठावं व्हतं तुला. आन् माझ्या गळ्यात पडून रडलास.

शिवराज : खोटं नव्हतो रडत.

शिवकन्या : न्हाय. रडनं खरंच व्हतं. खोटं ते नंतर सुरू झालं.

शिवराज : मग तू पोलिसांना का नाही सांगितलंस?

शिवकन्या : इचारलं की फौजदारानं. शेवटचा फोन तुमाला झालाय, काय बोलला? म्या मनलं, भाजी काय केली इचारत व्हते. नवऱ्याचं मढं पुढ्यात, आन् म्या भाजीचं सांगितलं. भाऊ हाईस मनून. माझ्या घरी ऱ्हाऊन आयटीआय केलास, त्यांच्या सायकलीवर मुरुमला गेलास. त्यांनी तुला खांब दाखवला, तार दाखवली, तुझी ऑर्डर आली तवा पेढं त्यांनीच वाटलं. स्वतःची ऑर्डर आल्यावानी. मनलं, भावाच्या भाकरीवर पाय नको. त्यो आपनहून सांगंल. वाट बघितली म्या.

शिवराज : उद्या जबाब आहे माझा. धाराशिवला, चौकशीच्या साहेबापुढं.

शिवकन्या : मनूनच आले. काय सांगनार हाईस?

शिवराज : परमिट घेतलं, परमिट परत आलं, लाईन सोडली. ह्यात एक शब्द खोटा नाही.

शिवकन्या : आन् ते खांबावर कशाला गेल्ते?

शिवराज : ते मला विचारणार नाहीत.

शिवकन्या : कसं इचारतील? ते ठरूनच बसलंय. आकडा टाकायला चढला, चिकटला, मेला. चोर. वरल्या मोठ्या लाईनीला आकडा टाकून कुनाचा बल्ब लागतोय रे? तू शिकलेला हाईस, सांग.

शिवराज : त्याच खांबावर खालून घरगुती लाईन जाते. तिच्यावर टाकत होता, असं लिहिलंय.

शिवकन्या : लाईन बंद व्हती. बंद लाईनीवर चोर चढतंय व्हय?

शिवराज : ते म्हणतात, लाईन बंद आहे हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं डाव साधला.

शिवकन्या : बघ की. तोंडात पीठ आन् शिट्टीबी वाजवायची. आमच्या घराला मीटर हाय. बिल थकलं न्हाय कवा. आन् मढ्यापाशी सापडली मनतात ती आकड्याची वायर आली कुठून? सकाळी घरातनं निघाले तवा हातात पक्कड आन् डबा व्हता.

शिवराज : ते मला माहीत नाही. मी इथं होतो.

शिवकन्या : मला ठावं हाय. आन् तुलाबी ठावं हाय. जावळाच्या जेवनावरनं उठून कोन पळत आलं सगळ्यांच्या आधी?

शिवराज : अक्का, हळू. मामाची गाडी आली बघ.

शिवकन्या : येऊ दे.

रामकिसन : शिवराज, ए शिवराज, परमिट परत घे रे बाबा. तारेचा तुटलेला जंपर जोडला, लाईन सोड. फोन कशाला करायचा, इकडूनच चाललो होतो... आरं, शिवकन्या? कवा आलीस लेकी? तब्येत बरी हाय ना? पोरगी कशी हाय?

शिवकन्या : करिश्मा साळंला जात न्हाय, मामा. वर्गातल्या पोरी तिला आकडेवाल्याची मनतात.

रामकिसन : लोकांच्या तोंडाला काय हात लावणार. चार दिवस बोलतील, गप बसतील. तू फिकीर करू नको. उमाशंकर माझ्या लेकावानी होता. त्याच्या जाण्यानं माझा तर एक हातच गेला.

शिवकन्या : मग लेकाला चोर कशाला केलात?

रामकिसन : म्या न्हाई केलं. साहेब लोकांनी लिवलं. आता माझं बघ, रिटायर व्हायला आलो. झिरो माणूस चढवला म्हणून सांगितलं, तर म्या आत, शिवराज घरी, वरचे दोन साहेब सस्पेंड. अन् उमाशंकर माघारी येणार हाय का? न्हाई ना? मग जित्या माणसांची फिकीर करावी, बाई. मेलेल्याला काय इज्जत अन् काय बेइज्जत.

शिवकन्या : मढ्याच्या टाळूवरलं लोनी ते ह्येच.

रामकिसन : बोल. तुला हक हाय बोलायचा. म्या खाली मान घालून ऐकतो. पर ह्या पोराला नादाला लावू नको. शिवराज, उद्या हात दाखवून अवलक्षण करू नको. जेवढं इचारतील तेवढंच. आरं, साहेब किती खूश हायत तुझ्यावर, सांगितलं का बहिणीला? सकाळी जबाब, अन् दुपारी त्याच हॉलमध्ये ह्याचं भाषण. सगळ्या जिल्ह्याचे ऑपरेटर बसणार समोर.

शिवकन्या : कसलं भाषन?

शिवराज : मामा, जाऊ द्या ना ते.

रामकिसन : लाजतो कशाला? कामावर लक्ष कसं ठेवायचं, ह्याच्यावर. एवढा ॲक्सिडेंट झाला तरी ऑपरेटरच्या बाजूनं रत्तीभर चूक निघाली न्हाई, सगळ्या पायऱ्या बरोबर. म्हणून मॅडमनीच ह्याचं नाव सुचवलं.

शिवकन्या : खरं हाय का रे?

शिवराज : मी नाही म्हणालो होतो. साहेब ऐकेनात.

शिवकन्या : काय सांगनार त्यान्ला? ह्या हातानं बहिनीचा नवरा जाळला, पर लक्ष ढळलं न्हाय?

शिवराज : अक्का...

रामकिसन : चल, बस झालं बाई. शिवराज, लाईन सोड आधी. दळपाच्या गिरणीपाशी बाया खोळंबल्यात, माझ्या नावानं बोटं मोडत असतील.

शिवकन्या : मामा, जंपर कुनी जोडला?

रामकिसन : जोडला म्हणजे, झाला.

शिवकन्या : तुमी चढलात? ह्या गुडघ्यांनी?

रामकिसन : आता माणूस लागतोच ना कामाला. मथुराबाईचा गोरोबा घेतलाय. चांगला हाय, धीट हाय.

शिवकन्या : मथुराबाईचा? तिचा थोरला गेल्यावर त्यो एकच ऱ्हायलाय तिला. उतरलाय का खाली?

रामकिसन : उतरला आसंल की. म्या निघालो तवा शेवटचा नट आवळत होता.

शिवकन्या : आसंल?

रामकिसन : आगं, इथं येऊस्तवर उतरलाच ना. म्या परमिट परत करालोय, जिम्मेदारी माझी. शिवराज, लाव हँडल.

शिवकन्या : लाव की शिवराज. नेमात बसतंय. पाय टेकव, नाव वाच. मी गप बसते.

रामकिसन : आता ड्रॉवर कशाला उघडालास?

शिवराज : नंबर सांगा गोरोबाचा.

रामकिसन : माझ्यावर इश्वास न्हाई तुझा?

शिवराज : नंबर सांगा मामा.

रामकिसन : हे घे, माझ्याच फोनवरनं लाव. काय पोरखेळ लावलाय.

शिवराज : हॅलो... हॅलो गोरोबा, मी सबस्टेशनवरून शिवराज. उतरलास का?... अजून वरच आहेस?... पक्कड पडली होती?... बरं. बरं. नाही सोडली, नाही. सावकाश उतर. घाई करू नको. खाली पाय टेकला की ह्याच नंबरला फोन कर. तोपर्यंत सोडत नाही मी.

रामकिसन : पक्कड पडली आसंल. म्या निघालो तवा झालंच होतं काम. खरं सांगतो.

शिवकन्या : जेवायला तर निघाला न्हवता ना आज?

रामकिसन : फोन राहू दे तुझ्यापाशी. म्या जातो खांबाकडं.

शिवकन्या : साखळी घेऊन जा.

शिवराज : गेले. अक्का, तू बस. पाणी देतो.

शिवकन्या : पानी नको. त्याला फोन कशाला केलास? परमिट तर माघारी आलतं.

शिवराज : तू इथं बसली होतीस.

शिवकन्या : मी नसते तर?

शिवराज : माहीत नाही. केला असता. गेल्या महिन्यात... नाही, खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्याभरात एकदाही केला नाही. मामाचा फोन आला की सोडतो. गोरोबाला मामानं ठेवलंय हे माहीत असून. डोळे मिटून श्वास बघतो, कारण डोळे उघडे असले की ड्रॉवरच दिसतो समोर.

शिवकन्या : मग उद्या येवढंच सांग साहेबाला. खांबावर दुसराच मानूस असतोय, आमा सगळ्यान्ला ठावं असतंय, आन् त्याला आमी इचारत न्हाय. उमाशंकर चोर न्हवता, आमच्या कामाला चढलता. बास. दुसरं काय मागत न्हाय तुला.

शिवराज : तेवढ्यानंच मी मरतो, अक्का. निष्काळजीपणाची केस होईल माझ्यावर. वैष्णवी दिवसांत आहे. आईचं औषधपाणी माझ्यावर. आधी का नाही बोललास, म्हणून पहिला मलाच धरतील.

शिवकन्या : धरतील.

शिवराज : तू बहीण आहेस माझी.

शिवकन्या : हाय. मनून आधी तुझ्याकडं आले. सरळ धाराशिवला गेले न्हाय.

शिवराज : म्हणजे?

शिवकन्या : उद्या मी येनार हाय. सकाळच्या एष्टीनं. त्या साहेबाला सांगनार, भाजीचं म्या खोटं बोलले. ते वरनं काय बोलले, ते सगळं सांगनार. कुनाला फोन लाव मनले, तेबी.

शिवराज : माझं नाव घेशील?

शिवकन्या : त्यांनी घेतलं ते म्या कसं गाळू?

शिवराज : अक्का, विचार कर. दाजी परत येणार नाहीत. मी तरी राहू दे तुला. उद्या करिश्माचं लग्न, कार्य, कोण उभं राहणार आहे तुझ्या मागं?

शिवकन्या : कोन न्हाय. रातभर त्येच मोजत पडले व्हते. आई दारात उभं करनार न्हाय. वैष्णवी तोंड बघनार न्हाय. पंचमीला मला न्यायला कोन येनार न्हाय. सगळं मोजलं. पर सकाळी करिश्मा मनली, आई, आप्पा खरंच चोरी करत व्हते का गं. तिला म्या न्हाय मनलं. तर मनली, मग शिवराज मामानं का न्हाय सांगितलं कुनाला?

शिवराज : काय सांगितलंस तिला?

शिवकन्या : काय सांगू? मनलं, इचारून येते.

शिवराज : अक्का, एक दिवस दे मला. उद्याचं होऊ दे. मग मी सांगतो, शप्पथ.

शिवकन्या : उद्याचं झाल्यावर तुझ्याकडं सांगायला काय ऱ्हातंय? न्हाय शिवराज. तू सांगितलंस तर मी तुझ्या बाजूला बसते, तुझी नोकरी गेली तर माझ्या घरात भाकर हाय, आदीबी व्हती. न्हाय सांगितलंस तर समोर बसते. दोन्हीला मी येनारच. निघते आता. जीप निघून जाईल.

शिवराज : ऊन बघ बाहेर किती आहे. थांब, गाडी काढतो, फाट्यापर्यंत सोडतो तुला.

शिवकन्या : जाग्यावरनं हलू नको. गोरोबा आजून उतरला न्हाय.